सिलिंडर क्रमांक ३ : एका छोट्या विमानाच्या इंजिनावरील बोल्टजोडांच्या प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

आमच्या हँगरमधील एका सेस्ना १७२ प्रशिक्षण विमानाची १०० तासांची तपासणी आज सुरू झाली. इंजिन लायकमिंग आयओ-३६०-एल२ए आहे : समोरासमोर बसवलेले चार सिलिंडर, हवेने थंड होणारे, १८० अश्वशक्तीचे. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचे झाकण, उतरवल्यावर उजव्या बाजूच्या मागच्या, म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरच्या बुडाशी तेलाचा ओलावा आणि त्यावर बसलेली धूळ दिसली. तेल वरून, रॉकर कव्हरमधून किंवा पुशरॉडच्या नळीच्या सीलमधून ओघळून तिथे जमा होणे ही नेहमीची गोष्ट आहे, म्हणून आधी तो सगळा भाग धुऊन कोरडा केला, त्यावर पांढऱ्या पावडरीचा हलका थर दिला आणि इंजिन जमिनीवर दहा मिनिटे चालवले. पावडर फक्त एकाच जागी भिजली, ती म्हणजे सिलिंडरची बैठक आणि क्रँककेस (इंजिनाचे मुख्य कवच) यांच्यामधल्या फटीपाशी.

लॉगबुकाप्रमाणे हा सिलिंडर ४२ तासांपूर्वी बाहेरच्या एका वर्कशॉपमध्ये काढून पुन्हा बसवलेला आहे. आठही नटांवर नारिंगी टॉर्क सीलची, म्हणजे नट फिरला तर तुटणाऱ्या रंगाची, रेघ आहे आणि एकही रेघ तुटलेली नाही. तरीही टॉर्क रेंच, म्हणजे पिळण्याचा जोर (टॉर्क) मोजणारा पाना, २५० इंच-पौंडांवर लावून आवळण्याच्या दिशेने हळू दाब दिला, तेव्हा ३/८ इंचाच्या चार छोट्या नटांपैकी तीन नट १८०च्या आसपासच फिरू लागले. तिथे टॉर्क ३०० हवा. हात लगेच थांबवला आणि विमान उड्डाणासाठी अनुपलब्ध असल्याची नोंद केली.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या प्रशिक्षणार्थी मुलीने विचारले, "सर, सील शाबूत आहे, मग नट ढिला कसा झाला?" या प्रश्नाचे उत्तर पुढच्या सगळ्या कामाचा पाया असल्याने ते येथे लिहून ठेवतो. नट जागचा हललेलाच नाही. ढिला पडला आहे तो स्टड, म्हणजे क्रँककेसमध्ये रोवलेला, नट ज्यावर बसतो तो बिनडोक्याचा बोल्ट. सीलची रेघ नट फिरला की नाही एवढेच सांगते, स्टडमध्ये ताण किती उरला आहे हे ती सांगू शकत नाही.

११ जून

आज पान्याला हात लावण्याआधी तासभर फळ्यावर बसलो. नट आवळतो तेव्हा आपण बोल्टला स्प्रिंगसारखे ताणतो, आणि तो आखडू पाहतो म्हणून दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. पान्यावर दिलेल्या जोरापैकी ढोबळमानाने निम्मा जोर नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो, सुमारे चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात जातो आणि जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. आटे कोरडे आहेत, तेल लावलेले आहेत की गंजलेले आहेत यावर हा वाटा बदलतो, त्यामुळे आट्यांची स्थिती न सांगता नुसता टॉर्कचा आकडा सांगणे अपुरे आहे.

आता स्टड किती ताणला जातो ते पाहू. छोट्या स्टडचा मोकळा, ताणला जाणारा भाग २० मिलिमीटर धरला आणि त्यातला ताण ४०० मेगापास्कल धरला, तर पोलादाच्या लवचिकतेच्या हिशेबाने तो स्टड फक्त ०.०४ मिलिमीटरने लांबतो. नटाखाली रंगाचे दोन हात असतील, तर त्यांची जाडी सहज ०.०५ मिलिमीटर भरते. इंजिन तापले, रंग मऊ झाला आणि दाबाने बाहेर सरकला, की नट तसूभरही न फिरता स्टडमधला जवळजवळ सगळा ताण निघून जाऊ शकतो. याउलट क्रँककेसच्या आरपार जाणारा २५० मिलिमीटर लांबीचा बोल्ट तेवढ्याच ताणाखाली अर्धा मिलिमीटर लांबतो, म्हणून त्याच्याखालून तेवढाच रंग सरकला तरी त्याचा दहावा हिस्साच ताण जातो. काल छोटेच नट का सैल सापडले, याचे कारण मला या हिशेबात दिसते. मात्र नटाखाली रंग आहे की नाही हे उद्या सिलिंडर निघाल्यावरच कळेल, तोवर हा फक्त अंदाज आहे.

ताण गेला की दुसरा टप्पा सुरू होतो. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रयोगांतून दाखवून दिले की बोल्टला सर्वांत जास्त सैल करते ती आडवी हालचाल. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले, की आट्यांमधले घर्षण जणू नाहीसे होते आणि नट आपोआप उलटा फिरू लागतो. म्हणून नट फिरू न देणारे साधन ही सुरक्षेची दुसरी फळी आहे. पहिली फळी म्हणजे भागांना सरकूच न देणारा ताण. सिलिंडरच्या बुडाच्या नटांना लॉकवायर (फिरू नये म्हणून बांधलेली तार) नसते, कॉटर पिनही (भोकातून घालून वळवलेली खीळ) नसते. ते फक्त ताणावर उभे असतात, म्हणून तिथे चूक झाली तर ती सावरायला दुसरे काहीच नसते.

१२ जून

तीन नंबरचा सिलिंडर काढला. हे करताना दोन गोष्टी ठरवून केल्या. प्रोपेलरला "फिरवू नये" असा लाल फलक बांधला, कारण सिलिंडर काढल्यावर त्या बाजूच्या आरपार बोल्टांमधला ताण जातो आणि अशा अवस्थेत क्रँकशाफ्ट फिरवला तर आतले मुख्य बेअरिंग जागचे सरकण्याची भीती असते. सिलिंडर निघताच रिकाम्या जागी टॉर्क प्लेट (सिलिंडरऐवजी नट आवळता यावेत म्हणून लावायची जाड पट्टी) बसवून नट आवळून ठेवले. याच कारणाने समोरच्या चार नंबरच्या सिलिंडरचे नटही आता पुन्हा आवळावे लागणार आहेत, कारण आरपार बोल्ट दोघांचा सामाईक आहे. ही बाब जॉब कार्डवर वेगळ्या ओळीत लिहिली, नाहीतर "काम तीन नंबरचे" म्हणून ती निसटते.

अंदाज बरोबर निघाला. सिलिंडरच्या बैठकीवर नटांच्या जागी राखाडी रंगात गोल ठसे उमटले होते, आणि प्रत्येक ठशाच्या कडेला दाबून बाहेर आलेल्या रंगाची बारीक वरंबी होती, ओल्या मातीवर वाटी दाबून उचलावी तशी. नख लावल्यावर ती सोललीसुद्धा. बैठकीच्या खालच्या अंगाला, क्रँककेसवर टेकते त्या पट्ट्यात, तांबूस-काळसर चिकट थर होता : पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांवर घासल्याची ती भुकटी होती, तेलात कालवलेली. भाग हलत होते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नको.

ज्याने हा सिलिंडर बसवला त्याने टॉर्क रेंच वापरलाच नसेल, असे मला वाटत नाही. त्याने बहुधा बरोबर आकड्यावर पाना लावला, सील लावले आणि सही केली; त्या क्षणी ताणही बरोबर असेल. रंगकाम करणाऱ्याने बैठक झाकली नाही आणि बसवणाऱ्याने ती खरवडून पाहिली नाही, एवढीच उणीव. निर्मात्याच्या सूचना या बाबतीत स्पष्ट आहेत : नट टेकतो त्या जागी रंग असता कामा नये.

१४ जून

क्रँककेसची बैठक भिंगाखाली तपासली. घासल्याच्या खुणा वरवरच्या आहेत, सपाटी मर्यादेत आहे आणि तडा नाही. चारही छोटे स्टड बदलण्याचा निर्णय मी घेतला. ताण गेलेल्या अवस्थेत हे स्टड किती तास हेलकावे खात होते हे कोणीही सांगू शकत नाही, आणि थकव्याचा बारीक तडा आट्यांच्या मुळाशी डोळ्यांना न दिसता बसलेला असू शकतो. नवे स्टड बसवल्यावर प्रत्येकाची बाहेर राहिलेली उंची मोजून नोंदवली.

सिलिंडरच्या बैठकीवरचा रंग नटांच्या जागेपुरता पूर्ण काढला. येथे सँडपेपरचा मोह टाळला, कारण त्याचा कण आत गेला तर बेअरिंगच्या मुळावर येतो; सॉल्व्हंट आणि प्लॅस्टिकची पट्टी एवढ्यावरच काम केले. आमचे ज्येष्ठ तंत्रज्ञ, ज्यांना हँगरमध्ये सगळे भाऊ म्हणतात, त्यांनी प्रत्येक जागेवरून बोट फिरवून पाहिले आणि दोन जागा परत करायला लावल्या. मला त्या स्वच्छ दिसत होत्या. त्यांच्या बोटाला त्या तशा लागल्या नाहीत, आणि भिंगातून पाहिल्यावर त्यांचेच बरोबर निघाले.

१५ जून

सिलिंडर बसवला. बुडाची नवी ओ-रिंग घातली, सील करण्यासाठी सिलिकॉनची पेस्ट कुठेही वापरली नाही. दोन धातूंच्या मध्ये राहिलेली पेस्टही रंगासारखीच हळूहळू बाहेर सरकते. क्रँककेसचे दोन अर्धे जोडताना त्यांच्यामध्ये रेशमी धागा घालण्याची पद्धत लायकमिंगमध्ये आहे, त्यामागे हेच तत्त्व आहे : धागा तेल अडवतो आणि धातूला धातू टेकू देतो.

आट्यांना आणि नटाच्या बुडाला ५० ग्रेडचे इंजिन तेल ९० टक्के आणि एसटीपी (तेलात मिसळायचे एक पूरक द्रव्य) १० टक्के असे मिश्रण लावले. सिलिंडरच्या नटांचा टॉर्क या वंगणासाठी दिलेला आहे. विमानाच्या चौकटीवरच्या सर्वसाधारण बोल्टांचे तक्ते मात्र स्वच्छ, कोरड्या आट्यांसाठी असतात. १/४ इंचाच्या बारीक आट्यांच्या बोल्टला ५० ते ७० इंच-पौंड हा तिथला ओळखीचा आकडा. एकाच हँगरमध्ये दोन्ही रीती चालतात, म्हणून जॉब कार्डवर टॉर्कच्या आकड्याशेजारी "कोरडे" किंवा "वंगण" असा शब्द लिहायचाच, असे आजपासून ठरवले.

क्रम असा ठेवला. आधी अर्धा इंचाचे मोठे नट ३०० इंच-पौंडांपर्यंत, मग तेच ६००पर्यंत, आणि त्यानंतर ३/८ इंचाचे नट ३००पर्यंत. ६०० इंच-पौंड म्हणजे साधारण ६८ न्यूटन-मीटर. आरपार बोल्टांसाठी भाऊ चार नंबरच्या बाजूला आणि मी तीन नंबरच्या बाजूला उभे राहिलो आणि दोन टॉर्क रेंचांनी एकाच वेळी आवळले, म्हणजे एका बाजूचा नट आवळताना बोल्ट दुसऱ्या बाजूला नुसता फिरत राहत नाही.

खालच्या नटांपर्यंत सरळ सॉकेट पोहोचत नाही, तिथे पुढे जोड लावावा लागतो. मुलीने रेंच ६००वर लावून आणला होता. तिला थांबवून मोजायला सांगितले : मुठीच्या मध्यापासून रेंचच्या चौकोनी टोकापर्यंत १६ इंच, तिथून नटाच्या मध्यापर्यंत जोडाचे २ इंच. ६०० गुणिले १६ भागिले १८, म्हणजे रेंच ५३३वर लावायचा. तो ६००वरच ठेवला असता, तर नटावर प्रत्यक्षात ६७५ पडले असते आणि रेंचने "टक्" करून आपल्याला बरोबर असल्याची ग्वाही दिली असती. जोड रेंचशी काटकोनात धरला तर ही दुरुस्ती लागत नाही. जिथे जागा होती तिथे आम्ही तसेच धरले. हिशेब जितका कमी, तितकी चुकीला जागा कमी.

शेवटी प्रत्येक नटावर पूर्ण टॉर्कला रेंच पाच सेकंद स्थिर धरून पाहिला. नट सरकला नाही म्हणजे बसला. सोळाही नटांना हे केले, त्यात चार नंबरचे आठ आले.

१८ जून

आज फायरवॉलच्या (इंजिनामागच्या आगरोधक भिंतीच्या) पुढचे बाकीचे जोड. एका सिलिंडरवर असा प्रकार सापडल्यावर उरलेल्या जोडांवर नुसती नजर टाकून पुढे जाणे मला पटत नव्हते.

एक्झॉस्टच्या उष्णतारोधक पत्र्याच्या ब्रॅकेटवर एक नायलॉनच्या कड्याचा सेल्फ-लॉकिंग नट सापडला. नायलॉनची पांढरी कडी जळक्या साखरेसारखी तपकिरी पडली होती आणि नट बोटांनी शेवटपर्यंत फिरत होता. हे नट १२१ अंश सेल्सिअसच्या वर वापरायचे नसतात आणि एक्झॉस्टच्या अंगाला ती मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. तो आमच्याच भांडारातल्या खोक्यातून गेला होता, कारण दोन्ही प्रकारचे नट एकाच कप्प्यात होते. पूर्ण धातूचा लॉकनट लावला आणि कप्पे वेगळे केले. सेल्फ-लॉकिंग नट हाताने कड्यापलीकडे फिरला तर तो टाकून द्यायचा, हा नियम प्रशिक्षणार्थी आधी शिकतात. पण पकड किती उरली हे रेंचने मोजायचेही असते, आणि आवळताना ती पकड टॉर्कच्या आकड्यात मिळवायची असते, हे सहसा राहून जाते.

तीन नंबरच्या एक्झॉस्टच्या तोंडाशी नवी गॅस्केट आणि नवे नट लावले. कॅडमियम ३२१ अंशांना वितळते, म्हणून तिथे कॅडमियमचा मुलामा असलेला नट चालत नाही.

थ्रॉटलच्या तारेचे टोक फ्युएल सर्व्होच्या (इंजिनाला इंधन मोजून देणाऱ्या भागाच्या) भुजेला जिथे जोडलेले आहे, तिथला कॅसल नट (कॉटर पिनसाठी खाचा असलेला नट) काढून बोल्ट पाहिला. हा जोड सतत फिरतो, आणि जिथे बोल्टला फिरवणारी हालचाल असते तिथे नुसता सेल्फ-लॉकिंग नट चालत नाही. कॅसल नट आणि कॉटर पिनच हवी. ठरलेल्या टॉर्कला नटाची खाच बोल्टच्या भोकासमोर आली नाही, म्हणून नट मागे न सोडता आणि वरच्या मर्यादेपलीकडे न नेता वॉशर बदलून पातळ घातला, मग खाच जुळली. टोकाच्या बेअरिंगच्या बाहेरच्या अंगाला मोठा वॉशर आहे याची खात्री केली. बेअरिंगची गोळी निखळली तरी त्या वॉशरमुळे तारेचे टोक भुजेवरून निसटत नाही. इंजिन नियंत्रण उघडल्यामुळे दुसऱ्या अधिकृत अभियंत्याकडून स्वतंत्र तपासणी करून घेतली.

२० जून

आज लॉकवायर. तेल बदलले, त्यामुळे फिल्टर, सक्शन स्क्रीनचा (तेल गाळणाऱ्या जाळीचा) प्लग आणि ड्रेन प्लग तिन्ही नव्याने बांधायचे होते. जुनी वायर काढताना सक्शन स्क्रीनच्या प्लगवर उलटी बांधलेली वायर सापडली. वायर तकतकीत होती, पीळ एकसारखे होते, टोकही नीट वळवलेले होते. पण प्लग सुटायच्या दिशेने फिरला असता तर ती ताणली न जाता मोकळी झाली असती. ज्याने बांधली त्याचा हात सफाईदार आहे, आणि म्हणूनच आधीच्या तपासणीत ती कोणाच्या नजरेला खटकली नसावी.

मुलीला ०.०३२ इंचाची, म्हणजे सुमारे ०.८ मिलिमीटरची वायर दिली आणि आधी पक्कड बाजूला ठेवायला सांगितले. प्लगवर बोट ठेवायचे, तो आवळण्याच्या दिशेने फिरतोय असे बोट फिरवायचे आणि वायर त्याच दिशेने ओढेल अशी वाट शोधायची. मग वायर भोकातून ओवून डोक्याभोवती घट्ट बसवायची, तिथेच पहिला पीळ हाताने द्यायचा आणि पुढे पक्कडीने इंचाला सहा ते आठ पीळ. तिच्या पहिल्या वायरीला इंचाला अकरा पीळ पडले. जास्त पिळलेली वायर कडक होते आणि तुटते. दुसऱ्या वेळी पक्कडीच्या जबड्याने वायरीवर खोच पडली. खोच पडलेली वायर कंपनाने नेमकी तिथेच तुटते, म्हणून तीही टाकली. तिसरी बरोबर आली : सात पीळ, शेवटी अर्ध्या इंचाची शेपटी, आणि ती आत वळवलेली, म्हणजे पुढच्या तपासणीत कोणाचा हात फाटणार नाही. एकदा काढलेली वायर परत वापरायची नाही, हे तिला वेगळे सांगावे लागले नाही.

प्रोपेलरचे बोल्ट आणि त्यांची वायर तपासली, सगळे बरोबर होते. लाकडी प्रोपेलरचे बोल्ट पावसाळ्यात आणि नंतर कोरड्या हवेत पुन्हा तपासावे लागतात, कारण लाकूड फुगते आणि आक्रसते. हा धातूचा असल्यामुळे तो प्रश्न येथे नाही.

२१ जून

जमिनीवर इंजिन चालवले. तापमाने, तेलाचा दाब आणि दोन्ही मॅग्नेटोंची (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या यंत्रांची) तपासणी ठीक आहे. थंड झाल्यावर काउलिंग उतरवून पाहिले. बैठक कोरडी आहे. ताजी नारिंगी रेघ आजच, या तपासणीनंतर लावली. विमान सेवेत देण्याच्या प्रमाणपत्रावर सही केली, आणि १० तासांनंतर हे सोळा नट पुन्हा तपासण्याची नोंद पुढच्या कामांच्या यादीत टाकली. दर आठवड्याला उगाच पाना लावण्याच्या मी विरोधात आहे. बसलेला नट हलवायला सुरुवातीला जास्त जोर लागतो, त्यामुळे रेंच "टक्" करतो तेव्हा ते चिकटलेले घर्षण असू शकते, ताण नव्हे. आणि वरचेवर आवळत गेल्याने स्टड नकळत जास्त ताणला जातो.

९ जुलै

दहा तास चाळीस मिनिटांचे उड्डाण झाले. मधल्या काळात पावसामुळे बरेच दिवस विमान जमिनीवरच होते. सोळाही नट ३०० आणि ६००ला स्थिर, पाच सेकंद धरूनही हलले नाहीत. तीन नंबरच्या नव्या स्टडची उंची १४ जूनच्या नोंदीशी तंतोतंत जुळते. बैठकीपाशी पांढरी पावडर लावली होती, ती कोरडी आहे. सक्शन स्क्रीनच्या प्लगची वायर मुलीने स्वतः तपासली आणि जॉब कार्डवर तपासणीच्या रकान्यात प्रथमच तिची आद्याक्षरे आली. तिच्याखाली माझी सही आहे. याच बॅचमधल्या आणखी एका विमानाचा सिलिंडर त्याच वर्कशॉपमधून आलेला आहे. त्याची बैठक उद्या सकाळी उघडतो आहोत.